जिंकणं फुकट द्यायचं नसतं

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या नगराचे महापौर डॉन एराक्लियो, लिमाहून एवढा घाट चढून आलेले प्रमुख पाहुणे श्रीयुत बाल्दोमेरो, उत्सव समितीचे सन्माननीय सभासद, आज हातातला चाबूक खाली ठेवणारे आपले पंच डॉन गुमेर्सिंदो अंकासी, व्यासपीठावरची खुर्ची नाकारून शेवटच्या रांगेत जाऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी डोन्या सातुर्निना, आणि खुर्च्या मिळालेल्या व न मिळालेल्या नागरिकहो,

ज्या शाळेची मी मुख्याध्यापिका होते, तिथे भाषण पाठ करून यायची शिस्त होती. इथे माझ्याआधी बोललेल्या दोघांनी कागद पाहून वाचलं, आणि तेही चुकत वाचलं. असो. आजचा दिवस कौतुकाचा आहे.

पाहुण्यांनी मघाशी पडद्यावर रंगीत वर्तुळं दाखवून, तरुण मुलांना पैशाचं व्यवस्थापन कसं शिकवावं, हे समजावलं. वर्तुळं सुबक होती. पण श्रीयुत बाल्दोमेरो, आमच्या चुंबिविल्कासमध्ये हा धडा रक्ताने शिकवला गेला आहे, आणि तो शिकवणारा माणूस आपल्या डाव्या हाताला बसला आहे.

आपल्यासाठी थोडं सांगते; बाकीच्यांनी तेवढा वेळ कंटाळावं. आमच्याकडे वर्षभराची भांडणं नाताळच्या दिवशी रिंगणात मिटतात. बांधाचं भांडण, बायकोचं, शिवीचं. ज्याच्याशी वैर, त्याचं पूर्ण नाव घेऊन हाक मारायची, मुठींना चिंध्या बांधायच्या आणि लोकांसमक्ष फोडून काढायचं. पडलेल्यावर हात टाकायचा नाही. शेवटी मिठी मारायची आणि वैर तिथेच सोडायचं. याला आम्ही ताकानाकुय म्हणतो. हरलेल्याला वाटलं, तर तो दुसरी झुंज मागू शकतो. हे सारं नियमात राहावं म्हणून मध्ये पंच उभा असतो, चाबूक घेऊन.

समोर कोण आहे, हे त्या चाबकाने कधी पाहिलं नाही. पडलेल्याच्या बरगडीत लाथ घालणाऱ्या एका तरुणाच्या पाठीवर डॉन गुमेर्सिंदोंनी असा फटका ओढला होता, की सदऱ्याबरोबर कातडीही फाटली. तो तरुण आज आपला अध्यक्ष आहे. अध्यक्षमहाराज हसत आहेत. ज्यांनी तो फटका पाहिला, ते जरा जास्तच हसत आहेत.

पण असा कठोर माणूस घरात काय होता? लोणी.

त्यांचा मुलगा विल्बर. माझा विद्यार्थी, गणितात हुशार, कष्टात आळशी. आरेकिपा शहरात त्याने मोबाइलचं दुकान टाकलं, बापाने बैल विकला. दुकान बुडालं. मग मोटोटॅक्सी, दुसरा बैल. मग हप्त्यांवर ट्रक, आणि तिसरा बैल. तिशीला टेकलेला पुरुष आईच्या ताटावर जेवत होता आणि मिठावरून तिला बोलत होता. हसू नका. या सभागृहात असे किती आईबाप बसले आहेत, मला नावानिशी माहीत आहे. तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलेल्यांनाही माहीत आहे.

ट्रकचे हप्ते थकले तेव्हा बापाने पहिल्यांदा नाही म्हटलं. "आता गोठ्यात नांगराचीच जोडी उरलीय. ट्रक परत कर, कर्ज फेड, आणि रविवारी माझ्याबरोबर गुरांच्या बाजारात ये. एक कालवड घेऊन देतो. विकायची कशी, ते शिकवतो."

"मी गुरं हाकू?" विल्बर म्हणाला. "शिकवायचंच होतं तर आधी का नाही शिकवलंत?"

प्रश्न उद्धट होता. पण चुकीचा होता का?

त्या नाताळला विल्बर रिंगणात उतरला. तोंडावर लोकरीचा मुखवटा. त्याने हाक मारली, "गुमेर्सिंदो अंकासी." रिंगणाभोवती चाललेलं गाणं थांबलं. "मी जिंकलो तर जोडी विकायची. हरलो तर ट्रक परत करीन आणि तुमची शेपटी धरून बाजारात येईन."

"माझी नको, बैलाची धर," डॉन गुमेर्सिंदो म्हणाले, आणि चाबूक दुसऱ्याच्या हाती दिला.

मी दोरीला लागून उभी होते, म्हणून जे पाहिलं ते खात्रीने सांगते. विल्बरची मूठ यायच्या आधीच बापाचे गुडघे वाकले होते. ठोसा कानशिलाला नुसता चाटून गेला आणि हा बैलासारखा माणूस धुळीत आडवा झाला. मुलाने हात उंचावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय कळतं?

तेव्हा गर्दी कापत डोन्या सातुर्निना आत आल्या. चाबूक घेतलेल्या नव्या पंचांनी अडवलं, त्यांना कोपराने बाजूला सारलं. नवऱ्याच्या डोक्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "ऊठ, गुमेर्सिंदो. तीन बैल फुकट दिलेस. आता जिंकणंही फुकट देतोस?"

"पोरगं आहे गं माझं."

"म्हणूनच ऊठ. आणि तू रे," त्या मुलाकडे वळल्या, "मुखवटा काढ. बापाला मारायचं तर तोंड दाखवून मार."

डॉन गुमेर्सिंदोंनी दुसरी झुंज मागितली.

ती झुंज मी सजवून सांगणार नाही. विल्बरने बापाचे पुढचे दात पाडले. आज ते हसताना हात तोंडाशी का नेतात, हे पाहुण्यांना आता कळलं असेल. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं, तरी म्हातारा मागे सरला नाही. मग त्याची मूठ मुलाच्या नाकावर बसली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. विल्बर पुन्हा आला, बरगडीत घेऊन वाकला. पुन्हा आला, जबड्यावर घेऊन गुडघ्यांवर पडला. बाप रडत मारत होता, पण एकही ठोसा हलका नव्हता. शेवटी मुलगा उताणा पडला आणि रक्ताच्या गुळण्या टाकत, हार मानून हात आडवा केला.

मग मिठी. दोघांची छाती एकमेकांच्या रक्ताने माखली. विल्बर बराच वेळ सुटेना. फुटलेल्या ओठांतून बापाला एवढंच म्हणाला, "ताय्ता, बाजार किती वाजता भरतो?"

पुढचं थोडक्यात. ट्रक गेला. बापाने एक कालवड घेऊन दिली, तीच शेवटची फुकटची मदत. गुराच्या तोंडात हात घालून वय कसं ओळखायचं, भाव पाडणाऱ्यासमोर गप्प कसं राहायचं, हे शिकवलं. पहिल्याच सौद्यात विल्बर नागवला गेला, तेव्हा बाप शेजारी उभा होता आणि त्याने खिशात हात घातला नाही. मला विचाराल तर रिंगणापेक्षा तो प्रसंग अधिक क्रूर होता. घरी आईने जेवणाचे पैसे लावले. ते तिने मोजून घेतले. खोली बंद करून ती काय करत होती, हे विचारण्याइतकी मी असभ्य नाही.

आज विल्बर गुरांचा व्यापारी आहे. पाठीमागे भिंतीला टेकून उभा आहे. नाक वाकडं, व्यवहार सरळ. यंदा त्याला मुलगी झाली, तेव्हा आजोबांनी मायेने जोडीतला एक बैल देऊ केला. विल्बर म्हणाला, "भाव बोला, ताय्ता." आणि बापाशी दुपारभर घासाघीस करून, शेवटच्या सोलपर्यंत पैसे मोजून, बैल घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी डॉन गुमेर्सिंदो माझ्या दारात आले. "बाई, कार्ट्यानं रडवलं मला भावात," म्हणाले. असा आनंदी माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

श्रीयुत बाल्दोमेरो, आपल्या वर्तुळांत यासाठी एक रंग ठेवा.

डॉन गुमेर्सिंदो, या नगराच्या वतीने आपले, आणि आपल्याला धुळीतून उठवणाऱ्या डोन्या सातुर्निनांचे मी आभार मानते. आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल श्रोत्यांचीही ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर उदार मनाने क्षमा करावी. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी नाताळच्या दिवशी माझं पूर्ण नाव घेऊन हाक मारावी. मी येईन, फक्त माझं वय पाहून कुणी गुडघे आधी वाकवू नयेत.