रखवालदाराचं एक वाक्य

नाही, पण मी म्हणतो, सोळा भागांची मालिका, एकेक भाग तासाचा, म्हणजे सोळा तास लोक बोलतायत, रडतायत, एकमेकांकडे टक लावून बघतायत, बघताना मागं पियानो वाजतोय... आणि त्यात माझं वाक्य किती? एक! सबंध मालिकेत माझं वाक्य एक! आणि तेवढंसुद्धा या लोकांच्या डोळ्यात खुपलं!

तुम्हाला सांगतो, मी काही नट नाही. चार यत्ता शिकलो, मग भातशेती, मग आमच्या कोरियातल्या नॉन्सान शहरात एका मोठ्या शाळेच्या फाटकावर अकरा वर्षं रखवालदार. शाळेचं नाव विचारू नका, सांगणार नाही. तर आमच्या गावाबाहेर एक बंद पडलेली शाळा आहे. पोरंच उरली नाहीत गावात, शाळा चालवायची कुणासाठी? ती या मालिकावाल्यांनी घेतली, आणि दिग्दर्शकाच्या हाताखालची ती हा-इन नावाची पोरगी म्हातारे शोधत आली, आम्ही पत्ते कुटत बसतो तिथं. मला म्हणाली, "आजोबा, शाळेच्या रखवालदाराचं काम कराल?" म्हटलं, "पोरी, अकरा वर्षं दुसरं केलंय काय?" तर खूश होऊन म्हणते, "मग तुम्हाला एक वाक्यपण देते!"

वाक्य आठव्या भागात. म्हणजे बघा, कॉलेजच्या अलीकडची शाळा, त्यात योन-दू नावाची नवी मुलगी येते, गरिबाची, आणि जे-ग्योम नावाचा श्रीमंताचा कार्टा तिला छळतो. वही खिडकीबाहेर, चपला कमोडात, तिसऱ्या भागात तर दुधाची पिशवी फोडून डोक्यावर ओततो! तर आठव्या भागात शाळेमागं कचरा वेगळा करायची शेड असते तिथं तो तिला भिंतीशी दाबून धरतो, आणि मी झाडू घेऊन कोपऱ्यावरून येतो नि गर्जतो, "ए! सोड तिला!" बस्स. दोन शब्द नि एक ए. पण मी काय तयारी केली हो! सकाळी डोंगरावर जाऊन ओरडायचो. एका म्हातारीनं दचकून हातातली कुत्र्याची साखळी सोडली... तिचं कुत्रं अर्धा डोंगर उतरून आलं, म्हातारीनं मला शिव्या दिल्या त्या वेगळ्या. घरात मात्र पुटपुटायचो नुसता. बायको म्हणायची, "जपमाळ ओढताय की काय?"

आता या लोकांची रीत ऐका. कागद रोज सकाळी येतात, भट्टीतून काढल्यासारखे गरम. आज काय करायचं ते आज कळतं! का? तर मंगळवारी लोक मालिका बघतात, बघता बघता फोनवर लिहितात, लेखिकाबाई ते वाचतात आणि बुधवारी गोष्ट फिरवतात. आणि लोकांनी काय लिहावं? "जे-ग्योमचे डोळे बघा, किती एकटा आहे तो!" अरे, त्यानं पोरीला दुधानं आंघोळ घातली, डोळे कसले बघताय? "त्याला आई नसेल हो!" झालं! चौथ्या भागात त्याची आई वारली. पाचव्यात तो अंधारात पियानो वाजवायला लागला. वर्गाचा मॉनिटर होता एक सरळ पोरगा, योन-दूवर जीव टाकायचा, त्याला सहाव्या भागात अमेरिकेला धाडला, बॅगसुद्धा भरू दिली नाही! आणि सातव्या भागात हा जे-ग्योम तिला केळ्याचं दूध आणून देतो, स्ट्रॉ खुपसून. तिसऱ्यात डोक्यावर, सातव्यात हातात! आणि ती लाजते! मी म्हटलं, हा-इन, हे काय? तर म्हणते, "आजोबा, प्रेम जमतंय ना त्यांचं."

जमतंय! तो नट बिचारा गुणी पोरगा, खोटं कशाला बोलू, मला रोज कंबरेत वाकून नमस्कार करायचा, गरम कॅन हातात ठेवायचा कॉफीचा. त्याचा दोष नाही. पण मी म्हटलं, माझं वाक्य? सबंध मालिकेत माझं वाक्य एक, ते कुठाय?

आठव्या भागाचा कागद आला. शेड तीच. भिंत तीच. फक्त तो आता तिला दाबत नाही, तिच्या केसातलं पान काढतो. आणि खाली माझ्या नावापुढं... "रखवालदार कोपऱ्यावरून येतो. खोकतो. दोघं लाजून दूर होतात."

"आणि वाक्य, पोरी?"

"वाक्य गेलं, आजोबा. नुसतं खोका. तुम्हाला किती छान जमतं ते!"

जमणारच! आमच्यात ही रीतच आहे ना, म्हाताऱ्या माणसानं कोपऱ्यावर वळायच्या आधी खोकायचं. म्हणजे पलीकडे कुणाला काही आवरायचं असेल तर आवरावं, कुणाची लाज जाऊ नये. मी अकरा वर्षं खोकलो, मंडळी! त्या खऱ्या शाळेतपण मागं अशीच शेड होती. तिथं तीन पोरं मिळून एकाला बडवायची. हान-ग्योल नाव त्याचं, चष्मेवाला, हडकुळा. मला आवाज यायचा, मी जायचो, आणि कोपऱ्यावर काय करायचो? खोकायचो! वळून बघतो तो तिघं दुधाचे खोके चपटे करतायत, आणि हा चष्मा पुसतोय. "काय चाललंय रे?" "काही नाही आजोबा, खेळतोय!" बरं, म्हणायचो, खेळा. आणि फाटकावर परत. एकदा उपमुख्याध्यापकांना सांगायला गेलो तर म्हणाले, "बान काका, तुम्ही फाटक बघा. आतलं आम्ही बघतो." बघितलं फाटक. चकचकीत ठेवलं.

वसंतात त्याची आई आली, पोराच्या वर्गात घालायच्या चपला न्यायला. पोरगा खोलीबाहेर येईना, शाळा सुटली त्याची कायमची. बाईनं माझ्यापुढं वाकून नमस्कार केला. म्हणाली, "माझा मुलगा सांगायचा, सगळ्या शाळेत एक फाटकावरचे आजोबा चांगले. ते खोकले की मार थांबतो."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो... मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "जिना जपून उतरा, ओला आहे."

आता कळलं का मला ते दोन शब्द कशाला हवे होते? सबंध मालिकेत... अहो सबंध आयुष्यात म्हणा!

तर त्या दिवशी उभा राहिलो कोपऱ्यावर. कॅमेरा फिरला. हा-इननं बोट वर केलं, म्हणजे खोका. शेडमागं दोघं उभी, तो पानाला हात घालतोय... आणि मी सुटलो! "ए! सोड तिला!"

कबुतरं उडाली छपरावरची. नट पोरगा एवढा दचकला की पुठ्ठ्याच्या ढिगात बसला. ती मुलगी धावली त्याच्याचकडे! "लागलं का तुला?" म्हणत त्याला कवटाळलं आणि माझ्याकडे बघते कशी, जणू मीच गुंड! दिग्दर्शक खुर्चीतून उठला, म्हटलं आता हाणतोय, तर टाळ्या वाजवतोय! "हेच! हेच ठेवा! तिनं आपणहून मिठी मारली!"

ठेवलं. मंगळवारी दाखवलं, वर माझ्या आवाजाला गाढवाच्या ओरडण्यासारखं काहीतरी संगीत जोडून. आणि रात्रीत लोकांनी लिहिलं, हजारोंनी! "हा थेरडा कोण?" "दोन जीव एकत्र येतायत, याच्या पोटात का दुखतंय?" "रखवालदाराला काढा!" आणि लोकांचा शब्द तिथं सरकारी हुकूम! बुधवारी सकाळी गरम कागद: रखवालदार गावी निघून गेला आहे. संपलं. खऱ्या शाळेत अकरा वर्षं खोकलो तर निरोपाला टाळ्या, फुलांचा गुच्छ, टॉवेलांचा संच. एकदा ओरडलो तर एका रात्रीत हकालपट्टी!

हा-इन सोडायला आली फाटकापर्यंत. म्हणाली, "आजोबा, वाईट वाटून घेऊ नका, पण तिथं तिला कुणी मारत नव्हतं हो." म्हटलं, ठाऊक आहे, पोरी.

बायकोनं तो भाग तीनदा बघितला. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "अहो, एवढा मोठा आवाज आहे तुमचा? पन्नास वर्षं संसार केला, मला पत्ता नव्हता."

म्हटलं, मलापण नव्हता. भात वाढ.