फोटो छान आलाय

— नाही हो ताई, डिस्क खराब नाहीये. खराब असती तर सोपं होतं, टाकून दिली असती आणि दुसरी केली असती. ही चालते. बघा ना, या डीव्हीडी प्लेअरवर चालली, त्याच्या शेजारच्यावर चालली, आणि हा तिसरा — हा बघा कसा गप्प बसलाय. फिरतेय आत, आवाज येतोय ना घर्र घर्र? वाचतोय बिचारा. वाचतोय आणि समजत नाहीये त्याला. आता तुम्ही म्हणाल, मग याचाच दोष. तसं नसतं. दोष कुणाचाच नसतो आणि डिस्क लागत नाही ती नाहीच. तीस वर्षं हेच करतोय मी, तरी रोज एक तरी प्लेअर असा येतो की हात टेकायला लावतो.

कॉम्प्युटरवर घरीच केलीत ना? चांगलं केलंय, उगाच म्हणत नाही. वडिलांचा आवाज आहे म्हणालात — घशाच्या ऑपरेशनच्या आधी घेतलेला — म्हणजे आता ते बोलत नाहीत? ...हं. म्हणजे हे एवढंच. किती जणांना पाठवलीत? सहा. चौघांकडे व्यवस्थित चालली, मामांकडे अडकते, आणि सहावी? आत्याकडे. काय म्हणाली आत्या? "छान आहे" म्हणाली. एवढंच? अजून काही? वडील काय बोलले त्यातलं काही? नाही ना. मग ताई, मला मामांची काळजी नाही. मामा कटकट करतायत, त्यांचं मी आत्ता करून देतो. तुम्ही आत्याकडे बघा.

बसा, स्टूल ओढून घ्या. तो नको, त्याचा एक पाय लंगडा आहे. तर तुम्ही दोन गोष्टी केल्यात, सगळेच करतात. एक म्हणजे हा कागद चिकटवलात वरून, गोल लेबल. दिसतो सुंदर, पण डिस्क तापली की वाकतो आणि तिलाही वाकवतो. दुसरं, भरताना घाई केलीत, सगळ्यात जास्त वेगावर टाकून मोकळ्या झालात. सावकाश भरायची. कंटाळा येऊ दे, चहा प्या, पण सावकाश. हे दोन्ही सुधारता येतं. तिसरी गोष्ट मात्र — हा मेनू, डिस्क घातली की आधी येतो तो पडदा. वडिलांचा फोटो, मागे हळू संगीत, फुलांची चौकट, आणि खाली बटण — "बाबांचे बोल". कसं सुचतं हो सगळ्यांना हेच? नाही, हसत नाहीये तुम्हाला. मी स्वतःला हसतोय. मी पण केलं होतं. अगदी असंच. फुलं नव्हती, वेल होती.

आमच्या आईसाठी केली होती. म्हणजे आईची, धाकट्यासाठी. धाकटा माझा परदेशात असतो. त्याने लग्न केलं ते आईला पटलं नाही, आणि आई म्हणजे — एकदा नाही म्हटलं की झालं. सून उंबऱ्याशी आली तर ही आत निघून गेली, पाणीसुद्धा विचारलं नाही. सहा वर्षं अशी गेली. मग दुखणं आलं, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आणि एक दिवस मला म्हणते, तुझं ते शूटिंगचं यंत्र काढ, मला त्याच्याशी बोलायचंय. म्हटलं, फोन लावून देतो. तर नाही. फोनवर तो बरं बरं म्हणतो आणि ठेवून देतो, माझं तोंड दिसलं पाहिजे म्हणे त्याला. खिडकीपाशी खुर्ची ठेवली, केस विंचरले तिचे मी. अकरा मिनिटं बोलली. चूक माझी होती म्हणाली. आमची आई! माझं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती तेव्हा, पण हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिला घेऊन ये, म्हणाली, दोघं या, माझ्याकडे फार दिवस नाहीत, मला तिला एकदा नीट बघू दे.

मग मी कामाला लागलो. आईचं बोलणं नुसतं कसं पाठवायचं? आपलं दुकान, आपला हात, आपली आई. जिवाचा आटापिटा करून मेनू बनवला. तिचा एक जुना हसरा फोटो होता, तो लावला, बाजूने वेल, मागे सतार वाजतेय, आणि खाली वेलीच्या पानासारखं छोटंसं बटण. ते दाबलं की आई बोलणार. इथे वीस वेळा दाबून पाहिलं, वीस वेळा बोलली. पाठवली. तीन आठवड्यांनी त्याची चिठ्ठी. मी दुकानात उभ्या उभ्या वाचली, मग घरी जाऊन तिला वाचून दाखवली. "डिस्क मिळाली, पाहिली. आईचा फोटो फार छान आलाय. संगीतही छान निवडलंस दादा. तिला नमस्कार सांग." बस.

आई म्हणाली, पुढे वाच. म्हटलं, एवढंच आहे. मग ती म्हणाली, बरं. थोड्या वेळाने म्हणाली, त्याचंही बरोबर आहे. आणि मला शपथ घातली, तू त्याला एका शब्दाने विचारायचं नाहीस, मी माझं सांगितलं, त्याने त्याचं. पाच आठवड्यांनी गेली. तो आला, एकटाच आला, आणि मी त्याला दारातच म्हटलं, आता कशाला आलास? तो खाली मान घालून उभा राहिला. मला वाटलं, लाजतोय. चांगलं झालं वाटलं मला, लाजू दे.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही हुशार आहात, मला चार वर्षं लागली. एक गिऱ्हाईक प्लेअर घेऊन आलं दुरुस्तीला, काळा, चपटा, डाव्या हाताला बटणं. अगदी असाच प्लेअर मी धाकट्याला परदेशी जाताना दिला होता, इथूनच, या फळीवरून. म्हणून हौसेने आईची डिस्क त्यात घातली. माझ्याकडे एक प्रत होती. फोटो आला. वेल आली. सतार वाजायला लागली. बटण दाबलं — काही नाही. पुन्हा दाबलं. रिमोटच्या बॅटऱ्या बदलल्या, कॉम्प्युटरवर जाऊन सगळं तपासलं, पुन्हा दाबलं. ती आपली हसतेय आणि सतार वाजतेय, संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्याला वाटलं असणार, डिस्कवर एवढंच आहे. दादाने आईचा फोटो पाठवलाय, गाणं लावून. आणि त्याने बिचाऱ्याने मनापासून लिहिलं, फोटो छान आलाय. मला माहीत होतं हो त्याच्याकडे कुठला प्लेअर आहे! मीच दिलेला. तसलाच एक मागून घेऊन लावून बघायला काय झालं होतं? पण माझ्या मशीनवर चालत होती ना. साधी, मेनूशिवाय पाठवली असती तर घातल्या घातल्या आई बोलायला लागली असती.

हे घ्या, मामांची झाली. आत्याचीही तशीच केलीय. मेनू नाही, कागद नाही, आत घातली की थेट वडील. आणि फोन कराल तेव्हा पाहिलीस का असं विचारू नका. बाबा शेवटी काय म्हणाले, ते विचारा.

सांगितलं का त्याला? काय सांगू? चौदा वर्षं तो धरून बसलाय की आईने आपल्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही. ते त्याने कसंबसं पचवलंय. आता सांगू, की माफ केलं होतं, दोघांना बोलावलं होतं, दाराकडे डोळे लावून होती, आणि तू आला नाहीस? दर वेळी फोन उचलतो आणि हवापाण्याचं बोलून ठेवतो. परवा त्याचा मेसेज आला. घर बदलतोय, सामान काढताना आईच्या फोटोची ती डिस्क सापडली, प्लेअर तर केव्हाच भंगारात गेला, ठेवू की टाकू? दोन दिवस मोबाइल इथे पालथा पडून होता. काल लिहिलं. टाक, म्हटलं.

असं बघू नका माझ्याकडे. त्याचं उत्तरही आलं लगेच, टाकली म्हणून.

माझी प्रत? आहे ना. माझ्याकडे चालते ती, पहिल्यापासून चालते... या तुम्ही ताई. मला शटर ओढायचंय.