बाबांचं ल्युटीन

आमच्या बाबांची अक्कल ऐका. डोळ्यांचा पडदा खराब व्हायला लागलाय, तरी बहादरपूरच्या केळीच्या बागेत स्वतःच गाडी चालवत जायचं असतं. डॉक्टर म्हणाला, "काका, पालक, मेथी, मका खाओ. ल्युटीन मिलेगा, पडद्याला चांगलं."

घरी येऊन बाबा म्हणाले, "पाला बायांनी खावा. मला शेवभाजी वाढ."

आमच्याकडे पुरुष आधी जेवतात. पालेभाजी मागून, बायांना.

मी म्हटलं, "म्हणून आई चष्म्याशिवाय सुई ओवते अन् तुम्हाला ताटातली मिरची दिसत नाही."

बाबांनी मला शिव्या घातल्या. मग हळूच ताट पुढे सरकवलं. "वाढ थोडी मेथी."

आई शांतपणे म्हणाली, "ती मागच्या पंगतीला असते. थांबा, माझ्यासोबत जेवा."