वरच्या फळीवरच्या साड्या

परवाचं ऐक ना वं. महाल भागातल्या आमच्या साडीच्या दुकानातून मालकानं सगळे स्टूल काढून टाकले होते. म्हणे, बसलेली सेल्सगर्ल आळशी दिसते. महिन्याभरात आम्हालेच विचारते, “वरच्या फळीवरच्या भारी साड्या काहून खपून नाही राहिल्या?”

मी सांगून टाकलं, “दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, भाऊ. शिडी कोण चढते? गिऱ्हाइकाले सांगतो, संपल्या म्हणून.”

मालक तापला. “उद्या काउंटरवर मी स्वतः उभा राहतो. मग पाहा!”

राहिला. चार वाजता एका बाईनं लग्नासाठी भारी साडी मागितली. मालकानं शिडीकडे पाहिलं, गुडघा चोळला आन् म्हणाला, “संपल्या, ताई.”

मी म्हटलं, “भाऊ, स्टूल कुठं ठेवले?”