शेवटच्या कडव्यातलं नाव

शेवगावच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीसाठी माझ्यापुढं दोघं उभे होते, गिटार घेतलेला महेंद्र आणि त्याची थोरली बहीण.

"तारांखालचा, आवाज पकडनारा जुना पिकअप काय वाईट हाय?"

"सातवी जाड तार नुसती घरघरती, ताई. मेटलच्या गान्याला दमदार पिकअप लागतो. मेणात बुडवलेला घेनार."

"मेण कशाला?"

"मानसाचा आवाज आत शिरत न्हाई."

"आपला सम्राटदादा जुन्यावरच तोंड ठेवून गायचा."

"त्याला जाऊन वरीस झालं. तरी गिटारला स्पीकर लावला की त्या पिकअपमधनं गातोय. रोज एक कडवं."

"मीबी ऐकलंय. गाऊ दे की."

"आता शेवटचं राहिलंय. त्यात तो माझं नाव घालायचा. गेलेल्याच्या हाकेला ओ दिली की मानूस त्याच्यामागं जातो, तूच म्हणायचीस."

"मग जुनाच राहू दे. ओ मी देते."