पाठमोऱ्या माणसाचं नाव

गावाचं नाव लिहू नका दादा, माझंही नुसतं सुभाष लिहा, आडनाव राहू द्या. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या एका बाजूला आमची घरं आणि दुसऱ्या बाजूला आमची वावरं, एवढं सांगितलं तरी इकडच्या माणसाला गाव कळेल, कळू द्या, पण आपण लिहायला नको. बाप जिनिंगमध्ये हमाली करायचा, कापसाच्या गाठी उचलायचा, संध्याकाळी घरी आला की आई त्याला आधी दारात उभा करून फडक्याने झटकायची आणि मग आत घ्यायची. मी दहावीपर्यंत शिकलो. जळगावला कापडाच्या दुकानात सहा वर्षं तागे उलगडले आणि परत गुंडाळले, दिवसभर तेच. मग रस्ता रुंद झाला, आमच्या शिवारातून गेला आणि गावाजवळ टोलनाका बसला. तेव्हा गावाने दोन गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या, की नाक्यावर गावची पोरं कामाला घ्यायची आणि आजूबाजूच्या पाच गावांच्या गाड्यांना टोल लावायचा नाही. कागदावर काही नव्हतं, पण पाळलं गेलं. मी तिसऱ्या बूथवर लागलो.

आता तुम्ही विचाराल, पाच गावांचा माणूस कोण हे कळायचं कसं. तेच तर माझं काम होतं. गाडी आली की मी तोंड बघायचो, आपला माणूस असला की दांडा वर. कधी तोंडसुद्धा बघायला लागायचं नाही, हॉर्नवरून कळायचं, गाडी थांबण्याच्या पद्धतीवरून कळायचं. चोपड्याकडून केळी भरून येणारा आमच्या गावचा जावई होता, तो ओळखला गेला नाही असं एकदाही झालं नाही. लोक खिडकीतून हरभऱ्याचे डहाळे द्यायचे, शेंगा द्यायचे, कोणाची म्हातारी दवाखान्यातून परत आली तर ती गाडीतूनच सांगायची, सुभाष, डाक्टर म्हने काही नही शे. मला हुशारीचं दुसरं काही येत नाही, काय सांगू तुम्हाला, पण माणूस मी विसरत नाही. नव्या मॅनेजरला माझी ओळख करून देताना आमचा सुपरवायझर म्हणायचा, बठ्ठासनी नावं पाठ शेतस याले, म्हणजे सगळ्यांची. ते ऐकायला मला आवडायचं. आवडायचं म्हणूनच पुढचं सगळं झालं.

फास्टॅग आला तेव्हाही आमचं अडलं नाही, कडेची एक लेन गावासाठी ठेवली होती. मग दीड-दोन वर्षांपूर्वी नवीन पद्धत येणार असं कळलं. दांडा नाही, बूथ नाही, माणूस नाही, रस्त्यावर लोखंडी कमान आणि तिच्यावर कॅमेरे, गाडी न थांबता जाणार आणि नंबर बघून खात्यातून पैसे कापले जाणार. गावातून लोक टोल कंपनीच्या साहेबांना विचारायला गेले तर ते म्हणाले, स्थानिकांनी महिन्याचा पास काढावा. पास काढायचा म्हणजे दूध घालायला जायचं, वावरात खत न्यायचं, त्याचे पैसे भरायचे. मारुतीच्या ओट्यावर सभा झाली, तिथे एक अक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आपलाच वावरमा जावाले बी पैसा देवाना का? कॅमेऱ्याले काय कयस मी कोन शे ते? कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, खरंच होतं. सगळे हसले, मीही हसलो. नाक्याचा नोकर असून मी सभेला मागे उभा होतो.

आंदोलन चांगलं चाललं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. बाया रस्त्याच्या कडेला बसायच्या, भजनं म्हणायच्या, रुग्णवाहिका आली की वाट करून द्यायच्या. मग नाक्याजवळ कमान उभी राहिली, तेव्हा कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की कॅमेऱ्यांना खोळी घालू. फोडायचे नाहीत, झाकायचे. खोळी कोण शिवणार, तर गुलाबभाऊ पिंजारी.

गुलाबभाऊबद्दल थोडं सांगतो. ते बापाच्या ओळखीतले, जिनिंगमधूनच कापूस घ्यायचे. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यांच्या हातच्या, माझ्या लग्नातली गादी त्यांनी एक पैसा न घेता भरली होती. आता मशीनवर पिंजतात, पण तरुणपणी खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरले, त्यामुळे उजवा खांदा उतरलेला आणि उभे राहिले की सगळा भार डाव्या पायावर. दूर उभे असले तरी ती आकृती त्यांचीच. त्यांनी जुन्या गाद्यांच्या फुलाफुलांच्या खोळी कापून कॅमेऱ्यांच्या मापाच्या शिवून दिल्या. कमानीवर त्या फुलांच्या खोळी घातलेल्या कॅमेऱ्यांकडे बघून ट्रकवालेसुद्धा हसत जायचे.

मग एक दिवस बिघडलं. कंपनीची माणसं खोळी काढायला आली, वाद झाला, कोणीतरी दगड मारला, मग खूप दगड आले. दोन बूथच्या काचा गेल्या, एक कॅमेरा गेला, कंपनीच्या एका माणसाचं डोकं फुटलं. मी माझ्या बूथमध्ये खाली बसलो होतो. दहा मिनिटांत सगळे पांगले. आणि सगळे पांगल्यावर, पांगल्यावर म्हणतोय मी, गुलाबभाऊ आले. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, सुभाष, मन्ह्या खोळी काढी दे भो, तुमनं आंदोलन सरनं. मी म्हटलं, आत्ता जा गुलाबभाऊ, पोलीस येतील. ते कमानीकडे गेले, वर बघत थोडा वेळ उभे राहिले, एक खोळ खाली पडली होती ती उचलली, झटकली आणि गेले. एवढंच.

चार दिवसांनी मला मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. पोलीस होते, पडद्यावर बूथच्या छपरावरच्या जुन्या कॅमेऱ्याचं त्या दिवसाचं चित्रण लावलं होतं. मॅनेजर आधीच म्हणाला होता, बूथ जाणार, पण धुळ्याला कंट्रोल रूम होतेय, आपल्या माणसांना तिथे घेऊ. मी समजलो काय ते. पण दादा, खरं सांगतो, नोकरीसाठी मी तीन-चार नावं दिली असती आणि थांबलो असतो, दगड मारताना सरळ दिसत होते तेवढी. त्यानंतर जे बोललो ते नोकरीसाठी नव्हतं. पोलीस साहेब म्हणाले, काय माणूस आहे हो हा, अर्धं तोंड दिसतंय तरी सांगतो. त्यांनी चहा मागवला. ते चित्र थांबवायचे आणि मी सांगायचो, हा अमक्याचा मुलगा, हा तमक्याचा भाचा. शेवटी एक पाठमोरा माणूस आला, डोक्याला रुमाल, हातात कापड. साहेब म्हणाले, हे सोडा, चेहराच नाही. आणि मी म्हटलं, गुलाब पिंजारी आहे तो, उभं राहणं बघा ना, भार डाव्या पायावर.

कोणी विचारलं नव्हतं. साहेबांनी तर सोडून दिला होता.

खोलीत सगळे हसले, शाबास म्हणाले. जबाब लिहून घेतला, वाचून दाखवू का विचारलं, मी म्हटलं, राहू द्या साहेब. तो पुढे आरोपींच्या वकिलाकडून कळला, त्यात लिहिलं होतं की दगडफेक करणाऱ्या जमावात गुलाब पिंजारी होता. गुलाबभाऊ नंतर आले, खोळ न्यायला आले, हे मी सांगितलंच नव्हतं. मला माहीत होतं, खिडकीशी माझ्याशीच बोलून गेले होते, पण त्या वेळी मला फक्त ओळखायचं होतं.

गुलाबभाऊ आणि सकिनाभाभींचा हजला जायचा विचार होता. बारा-चौदा वर्षांपासून एकेक गादी शिवून त्यांनी ते जमवत आणलं होतं आणि पासपोर्टचे अर्ज टाकलेले होते. चौकशीत गुन्हा निघाला आणि गुलाबभाऊंचं पासपोर्टचं काम थांबलं. भाभी एकट्या जाणार नाहीत. त्यांचा वकील म्हणतो, नाव निघेपर्यंत किंवा कोर्टाची परवानगी मिळेपर्यंत थांबा. भाभींचे गुडघे गेलेत, आता घरातून मोरीपर्यंत भिंतीला धरून जातात आणि हजला तर सगळं चालणंच आहे म्हणे. मी वर्षभर त्यांच्या दुकानावरून मान खाली घालून गेलो. धुळ्याला कंट्रोल रूममध्ये बसायचो, थंडगार खोली, पडद्यावर नुसते नंबर पळायचे, एकही माणूस दिसायचा नाही. गावाने शेवटी पास काढले. आंदोलनाचं आता कोणी बोलत नाही, केस तेवढी राहिली.

गेल्या शुक्रवारी गुलाबभाऊंकडे गेलो. नमाज पढून ते नुकते दुकान उघडत होते. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, चहा मागवला तेसुद्धा सांगितलं. ते कापूस निवडत होते, हात थांबला नाही. मग विचारलं, मी पाठमोरा व्हतू ना? मंग कसं वळखं तू माले? मी पायाचं सांगितलं. त्यांनी खाली आपल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, पाच गावना लोकेसले तू असाच वळखी वळखी सोडे. खरंच, ओळखायचो आणि सोडायचो. आतून भाभींनी विचारलं, कोण आलं आहे? ते म्हणाले, गिऱ्हाईक शे. भाभींनी आतूनच सांगितलं, त्यांना चहा विचारा. त्यांनी मला चहा विचारला नाही. म्हणाले, जे माले सांगं ते कोर्टमा सांग. तवपर्यंत आठे येऊ नको. म्हणजे तोवर त्यांची पायरी चढायची नाही.

माझी साक्ष पुढच्या महिन्यात आहे. सरकारी बाजूचा साक्षीदार मीच, गुलाबभाऊंच्या विरोधात माझ्याशिवाय दुसरं काही नाही. मी दुसऱ्या एका वकिलाला विचारलं, तो म्हणाला, जे खरं आहे ते सांगायला कायदा अडवत नाही, पण उलटतपासणीत तुमचे वाभाडे निघतील, इतके दिवस का गप्प होतात म्हणून विचारतील. विचारू द्या. नोकरी राहणार नाही, मॅनेजरचा फोन येऊन गेला, गोड बोलला, त्यावरून समजलो. मंगलाला, माझ्या बायकोला, सांगितलं तर ती म्हणाली, तुम्ही वर्षभर ताटावर बसून जेवत नव्हता, मला वाटलं पोटाचं काही आहे. एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

ज्या बाकीच्यांची नावं दिली त्यांनी दगड मारले होते, त्यांचं मी काही बदलू शकत नाही, ते मला गावात बोलत नाहीत आणि यापुढेही बोलणार नाहीत, ते धरूनच चालतो. गुलाबभाऊ माफ करतील असंही नाही, तसं ते म्हणालेले नाहीत. नाव निघालं तर पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी, वर्ष तरी जाईल. तेवढं वर्ष भाभींचे गुडघे चालू राहू देत. हे तुम्ही लिहा दादा, नुसतं सुभाष, पण माझ्या नावाने लिहा.