पेवाच्या पाणंदीतले घुंगरू

ऐका. पण आधी ते पाचट सरकवा चुलवणात. हळद शिजायला अजून तास आहे, तोवर उठायचं कुणी नाही. आणि तू गं, सारखी मागं वळून बघू नकोस. मागं काय नाही.

तर एक माणूस रात्रीचा वाटेला लागला. अंधारी रात्र. हातात बॅटरी नाही, पायात चप्पल नाही, घरात कुणाला सांगणं नाही. निघाला तो सरळ पाणंदीनं, पेवाच्या माळाकडं. डोळे उघडे. पाय चालते. आणि माणूस झोपेत. गाढ झोपेत, ऐकताय ना?

हा दुंडाप्पा. माझ्या घराच्या भिंतीला लागून त्याचं घर. त्यामुळं मला जे ठाऊक आहे ते भिंतीतनंच ठाऊक आहे, आणि जे भिंतीतनं कळलं नाही ते मी गौरव्वाला विचारून घेतलंय. गौरव्वा म्हणजे त्याची बायको.

नव्या सुनांनी पेव बघितलं नसेल. जमिनीत तीन पुरुष खोल खड्डा. तोंड एवढंसं, पोट रांजणासारखं. आत हळद भरायची, वरनं माती लिंपायची. वर्षानं उघडलं तरी कीड नाही. पण आतली हवा मेलेली असते. म्हणून उघडलं की रात्रभर तोंड मोकळं ठेवायचं. सकाळी कंदील सोडून बघायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरवायचा.

दुंडाप्पा आणि कलगोंडा, दोघं जोडीनं पेवात उतरायचे. दोन वर्षांमागं व्यापाऱ्याला घाई होती, कंदील कुणी सोडला नाही. दोघंही उतरले. श्वास कोंडायला लागल्यावर वरच्यांनी आधी दुंडाप्पाला ओढला. मग दोर परत सोडला. दोर हलला नाही.

तेव्हापासून दुंडाप्पानं पेव सोडलं. अडत्याकडं वजनकाट्यावर बसायला लागला. दिवसा बरा, हसायचा, बोलायचा. पण रात्री ताडकन उठून बसायचा आणि असा ओरडायचा की माझ्या घरातली भांडी वाजावी. "दोर सोडा, दोर सोडा." घामानं ओला. गौरव्वा धरायला गेली की तिलाच ढकलायचा, ओळखायचा नाही. आणि सकाळी विचारलं तर म्हणायचा, "मी? मी कुठं ओरडलो?"

तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. झोपताना एक. महिन्यानं येऊन काय होतंय ते सांगा, म्हणाले. गोळीनं ओरडणं थांबलं. महिना झाला, दोन झाले. ओरडणं थांबल्यावर सांगायला कोण जातंय? गोळ्या दुकानातनं येत राहिल्या.

आणि मग एका सकाळी गौरव्वाला सारवलेल्या जमिनीवर पावलं दिसली. पिवळी. दारापासून अंथरुणापर्यंत. हळदीच्या धुळीची पावलं. दुंडाप्पाच्या टाचाही पिवळ्या.

"अवं, रात्री कुठं गेला हुता?"

"कुठं जातोय? दगडासारखा झोपलो हुतो की."

कडी आतनं लावलेली. ती बघत राहिली. माझ्याकडं आली, आणि मी, माझ्या जिभेला हाड नाही, मी म्हटलं, "माळावर हळद वाळवायला बाहेरगावच्या बायका आल्यात, राहुट्या टाकून. बघ बाई." झालं. तिच्या डोक्यात किडा सोडला. चार दिवस तिनं त्याच्या सदऱ्याचा वास घेतला, खिसे उलटे केले. काही नाही. फक्त हळद.

पाचव्या दिवशी मात्र बायकांचा संशय गेला आणि दुसराच आला. सकाळी दुंडाप्पा उठून बसला तर त्याच्या कमरेला दोर. गोठ्यातला, खुंटीवरचा. नीट तीन वेढे, आणि गाठ पाठीवर.

ऐका, हे नीट ऐका. पेवात उतरणाऱ्याची गाठ पाठीवर असते आणि ती त्याच्या जोडीदारानंच मारायची. आपली गाठ आपण कुणी मारत नाही. मारायची रीत नाही, आणि हातही पोचत नाही. गौरव्वानं दोन्ही हातांनी सोडवली तेव्हा सुटली.

"ही कुणी बांधली?" दुंडाप्पानं विचारलं. त्याचा चेहरा पांढरा.

"म्यां," ती म्हणाली. "तुमी पडशीला म्हणून."

खोटं बोलली. तिनं बांधली नव्हती.

त्या रात्री ती जागी राहिली. एकच्या सुमाराला तो उठला. डोळे उघडे, पण बघत दुसरीकडंच. शांतपणे म्हणाला, "आलो, कलगोंडा." आणि कडी काढली. ती आडवी झाली, दारात पडली, त्याला कसाबसा अंथरुणावर आणला. सकाळी त्याला काही ठाऊक नाही.

कुणाला सांगणार? सांगितलं तर गाव म्हणणार, झपाटलाय. झपाटलेल्या माणसाला अडत्या काट्यावर बसवेल? तिनं तोंड शिवून घेतलं. बैलाच्या गळ्यातली घुंगरांची माळ होती, तिच्यातले पाच घुंगरू काढले आणि रोज रात्री तो झोपला की त्याच्या पायात बांधायला लागली. उठला की वाजतील, आपण जागं होऊ. पहाटे सोडून ठेवायची. त्यालाही कळू दिलं नाही.

हुशारी होती. पण काय झालं बघा. एक-दोन रात्री तिला जाग यायला उशीर झाला, आणि तो घुंगरू वाजवत पाणंदीत वेशीपर्यंत जाऊन आला. गल्लीनं ऐकलं. रात्री एक वाजता, छन, छन, छन. सकाळी नळावर एकच बोलणं. कलगोंडा फिरतोय. पायात घुंगरू बांधून फिरतोय. त्याला जोडीदार पाहिजे. आणि गौरव्वा घागर भरून मान खाली घालून निघून जायची. तिला बोलायचं होतं. कसं बोलणार?

आणि तिलाही आता खरंच वाटायला लागलं होतं, कलगोंडाच नेतोय. म्हणून तिनं काय केलं, तर गोळी वाढवली. एकाच्या दोन. डॉक्टरला न विचारता. झोप जड झाली की मेलेल्याची हाक पोचणार नाही, असा तिचा हिशेब.

त्याच रात्री घात झाला. आठ-नऊ रात्रींची जागी ती, तिलाच डोळा लागला. जाग आली तेव्हा अंथरूण गार, दार सताड. आणि घुंगरू लांब. पाणंदीच्या पार टोकाला.

ती पळत सुटली. संध्याकाळीच तिनं ऐकलं होतं, माळावरचं एक पेव उघडलंय, हवेला ठेवलंय. कुठलं ते ठाऊक नाही. माळावर पेवं चाळीस. एकटीनं कसं शोधणार? म्हणून पळता पळता गल्लीतलं एकेक दार थापटत गेली. एक थाप, एक हाक, पुढचं दार. थांबायला वेळ कुठं होता?

आणि आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पेवात मेलेला ओळखीच्या आवाजात हाक मारतो, पण एकदाच मारतो. तीन हाका आल्याशिवाय ओ द्यायची नाही, कडी काढायची नाही. अकरा दारं होती. अकरा घरं अंथरुणात उठून बसली आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिली.

त्यातलं एक माझं.

"आक्का, दार उघडा." स्वच्छ ऐकलं मी. गौरव्वाचाच आवाज. आणि लांबनं त्या घुंगरांचा. मी पदर तोंडात धरून बसले.

गेली ती एकटी. माळावर पोचली आणि घुंगरू थांबले. काहीच नाही. वारा नाही, कुत्रं नाही. मग वाजले. छन. पण कुठनं? खालनं. जमिनीतनं. गेला, तिला वाटलं. पडला आत.

चार पावलं सरकली तर दिसला. उघड्या पेवाच्या काठावर बसला होता. पाय आत सोडलेले, हलवत होता, नदीच्या घाटावर बसल्यासारखा. दोन्ही हात काठावर टेकलेले, आता अंग सोडायचंच बाकी.

ओरडली असती तर दचकून गेला असता. धरायला गेली असती तर त्यानं नेहमीसारखं ढकललं असतं, आणि दोघं गेली असती. ती दहा हातांवर उभी राहिली. बावीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आता तिनं आवाज जाड केला, आणि हमाल हमालाला बोलतो तसं म्हणाली,

"दुंडाप्पा. भरलं लेका. वर ये."

तो थांबला. पाय हलायचे थांबले.

"तू आदी," तो म्हणाला. "कलगोंडा, तू आदी जा. मागल्या खेपंला मी आदी गेलो."

गौरव्वा सांगते, आक्का, तेव्हा मला कळलं तो रोज रात्री कशाला निघतोय. त्याला कुणी नेत नव्हतं. तो आणायला जात होता.

पण तिनं आवाज जाडच ठेवला. "मी कवाच वर आलोय. तूच ऱ्हायलायस खाली. ये."

मग त्यानं एक पाय वर घेतला. मग दुसरा. वळला आणि हात पुढं केला, वरच्या माणसाकडं करतात तसा. तिनं धरला. ओढला नाही, नुसता धरला. तसाच घरी आणला. पहाटे त्यानं विचारलं, पाय का दुखताहेत.

या खेपेला तिनं सगळं सांगितलं. त्यालाही, डॉक्टरलाही. डॉक्टर आधी रागावले. म्हणाले, काहींना या गोळीनंच झोपेत चालायला होतं, आणि तुम्ही दुप्पट केलीत. दोन महिने आला का नाहीत? गोळी त्यांनी सांगितली तशी हळूहळू बदलली. ओरडण्यासाठी वेगळे डॉक्टर दिले, बोलून घेणारे. आता दुंडाप्पा कधीमधी ओरडतो, पण चालत नाही. काट्यावरची जागाही राहिली. ती गाठ कुणी मारली ते मात्र डॉक्टरलाही सांगता आलं नाही, आणि मी गौरव्वाला तीनदा विचारलंय.

त्या रात्रीनंतर सकाळी मी चहा घेऊन गेले होते. गौरव्वा चुलीपुढं बसलेली. वर न बघता म्हणाली, "आक्का, राती तुमी जाग्या हुता?"

मला खोटं बोलवेना. "होते गं."

"आसं," ती म्हणाली. "मला वाटलं झोपला आसशीला."

एवढंच. मग तिनं चहा घेतला.

म्हणून सांगते, रात्री त्या पाणंदीनं जाऊ नका. उघड्या पेवाचं तोंड अंधारात जाग्या माणसालाही दिसत नाही. आणि जायचीच पाळी आली, तर आधी माझं दार वाजवा. एकदा वाजवलं तरी पुरे.